नाव घ्या, आई

कल्याण रोडवरून आमच्या गल्लीत वळलं की तोंडाशीच एक पंक्चरवाला बसतो. त्याच्या टायरांच्या चळतीपासून थोडं पुढं गेलं की आई, म्हणजे माझ्या सासूबाई, थांबतात. लुगड्याचा काठ दोन्ही हातांनी वर घेतात, उजवा पाय उंच उचलून पलीकडं टाकतात, त्यावर भार देऊन बघतात आणि मग डावा उचलतात. लुगडं सोडतात, पुढं चालू लागतात. तिथं ओलांडण्यासारखं काही नसतं. काँक्रीटचा सपाट रस्ता, त्यावर ऑइलचे डाग, कडेला लावलेला एखादा टेम्पो. परत येताना त्याच जागी पुन्हा तेच. गल्लीतली पोरं आधी हसायची. आता कुणी हसत नाही. एक चिमुरडी तर आईंच्या मागून तश्शीच ढांग टाकत जाते.

एकदा हे पुढच्या आळीतल्या एका काकांनी पाहिलं. तेही ऐंशीच्या घरातले. काठी टेकत जवळ आले, खाली निरखून बघितलं आणि मला म्हणाले, "बांध होता इथं. बराबर इथंच. पलीकडं आमची खाचरं." मग ते आणि आई भर रस्त्यात उभं राहून कुणाच्या तरी बैलाबद्दल बोलत राहिले आणि मागून रिक्षावाले हॉर्न मारत राहिले. तेव्हापासून ती जागा आली की मी आईंचा हात सोडते. बांध ओलांडायला त्यांना दोन्ही हात लागतात.

मी टेमघरला राहते म्हटलं की पुण्याकडच्या माणसाला मुठा नदीवरचं, गळतीपायी गाजलेलं धरण आठवतं. ठाण्याच्या माणसाला काहीच आठवत नाही, जरी त्याच्या घरातलं पाणी कदाचित आमच्या इथून गेलेलं असतं. शहाडला उल्हास नदीतून उचललेलं पाणी टेमघरच्या केंद्रात शुद्ध होतं आणि ठाणे, भिवंडी, मिरा-भाईंदरकडे जातं. त्या योजनेच्या 'स्टेम' या नावात शहाडचा इंग्रजी एस आणि आमचं अर्धं टेमघर आहे, हे इथल्याही पुष्कळांना ठाऊक नसतं. ठाण्याहून भिवंडीमार्गे कल्याणला जायच्या मेट्रोच्या नकाशातही टेमघर हे एक स्थानक आहे. बाकी मग राजणोली नाक्यापर्यंत कंटेनरच्या रांगा, गोदामं, सायझिंगचे कारखाने आणि भिंतीआडून रात्रंदिवस येणारी मागांची खटखट. आईंच्या टेमघरात यातलं काही नाही. तिथं पावसाळी भात आहे, भात कापल्यावर जमिनीच्या ओलीवर पेरलेला वाल आहे, उन्हाळ्यात राब भाजतानाचा धूर आहे, आणि खाचरांना माणसांसारखी नावं आहेत.

मी त्या टेमघरात कधीच राहिले नाही. माझं माहेर जुन्नरकडचं. आमचं लग्न आमचं आम्ही ठरवलेलं, आणि आगऱ्यांच्या घरात घाटावरची सून आली म्हणून आई कितीतरी दिवस माझ्याशी थेट बोलल्या नव्हत्या. 'त्या घाटनीला सांग' असा निरोप नवऱ्यामार्फत यायचा, मी दोन हात अंतरावर उभी असताना. भाकरी मला येत होती, पण ती बाजरीची. तांदळाच्या पिठाची उकड काढून थापायची भाकरी मला त्यांनीच शिकवली, तीही न बोलता, माझ्या हातातलं पीठ काढून घेऊन. पुढं सगळं सुरळीत झालं, पण घाटावरची हा शिक्का राहिलाच. आईंच्या या विसरण्याच्या आजारानं जे जे वाहून नेलं त्यात माझं घाटीपणही गेलं. हा एक फायदा मी हिशेबात धरते.

आज शेतांची नावं मला येतात ती त्यांच्याकडून. रस्त्यानं चालताना त्या हातानं दाखवत जातात. हे वडाखालचं, हे नाळीतलं, इथं गवताची गंजी, इथं खळं. मोबाइलच्या दुकानाच्या जागी खळं. नवऱ्याला हे सगळं धड माहीत नाही. तो शाळेत असतानाच जमिनी जायला लागल्या होत्या आणि त्याचं लक्ष क्रिकेटमध्ये होतं. म्हणजे जुन्या टेमघराचा नकाशा या घरात आता दोघींकडेच आहे. एक ऐंशी ओलांडलेली, आणि दुसरी घाटावरची.

दिवेलागण झाली की आई गाठोडं बांधतात. या आजारात संध्याकाळी घालमेल वाढते असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. गाठोड्यात टॉवेल, फणी, टीव्हीचा रिमोट, हाताला लागले तर दोन बटाटे. "मना घरा जावाचा हाय." कुठल्या घरी? तर त्या वर्णन करतात. कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेली जमीन, मंगळुरी कौलं, पुढं ओटी, ओटीवर भाताची कणगी. वर्णनात चूक काढायला जागा नाही. ते घर इथंच होतं. ते पाडून त्याच जागेवर हे दोन मजली स्लॅबचं घर उभं राहिलं, आणि पायाभरणीचा नारळ आईंनीच फोडला होता. म्हणजे घरात उभं राहून त्या त्याच घरी जायचं म्हणतात. आधी मी समजावून सांगायची: आई, हेच आपलं घर. त्यांना ते पटायचं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही आता पटत नाही. लादी, ग्रिल, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, टाकीचा पाइप. यात त्यांचं काय आहे?

आता मी चप्पल घालते. आम्ही गाठोडं घेऊन निघतो, गल्लीला वळसा घालतो आणि मागच्या दारानं आत येतो. जुन्या घराची दगडी पायरी पाडापाडीत टाकवली नाही म्हणून मागच्या दाराशी बसवलेली आहे. मधोमध झिजलेली, पावसाचं पाणी धरणारी. त्या पायरीवर पाय ठेवल्यावर कधीकधी आईंचा चेहरा सैल पडतो आणि त्या आत येऊन चहा मागतात. कधीकधी पायरी ओळखीची वाटत नाही. मग आणखी एक फेरी.

पहिल्यांदा त्यांना दाखवायला ठाण्यातल्या एका डॉक्टरांकडे नेलं, तो दिवस माझ्या चांगला लक्षात आहे. रक्त आधीच तपासून झालं होतं. ब-१२ जीवनसत्त्व कमी असलं किंवा थायरॉइड बिघडलं तरी माणूस असा विसरायला लागतो आणि औषधानं सुधारतो, त्यामुळं ते आधी बघतात. तसं काही निघालं नाही. मग प्रश्न सुरू झाले. आज वार कोणता, तारीख काय, महिना कोणता. तीन शब्द सांगतो, थोड्या वेळानं पुन्हा विचारीन. शंभरातून सात वजा करा. या कागदावर घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं झालीत असं दाखवा. आईंनी पेन्सिल हातात घेतली आणि परत टेबलावर ठेवली. त्यांनी आयुष्यात पेन्सिल धरली नव्हती. घड्याळ घरात होतं, पण वेळ त्यांना कळायची ती ओटीवरच्या उन्हावरून, नळाला येणाऱ्या पाण्यावरून आणि भिवंडीत राहणाऱ्या कुणालाही कळते तशी अजानवरून. डॉक्टर भला माणूस होता, त्यानं घड्याळ सोडून दिलं. पुढं मी वाचलं की अशा प्रश्नांचा घोळ लक्षात येऊन हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत १९९०च्या दशकात संशोधकांनी शाळा न पाहिलेल्या म्हाताऱ्यांसाठी त्यांची हिंदी आवृत्ती बेतली होती, आणि तिच्यात सकाळ आहे की दुपार की संध्याकाळ, असे प्रश्न आहेत. त्यात आई पास झाल्या असत्या, निदान त्या दिवशी.

मग डॉक्टरांनी विचारलं, "आजी, तुमच्या मिस्टरांचं नाव काय?"

आई गप्प. पदर ओढून नीट केला. माझ्याकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. आई ओठ घट्ट मिटून बसल्या. डॉक्टरांचं पेन कागदावर टेकलं आणि माझ्या एकदम ध्यानात आलं की ही बाई जन्मात नवऱ्याचं नाव असं उघडं-वाघडं बोललेली नाही. रेशनच्या रांगेत नाही, मतदानाच्या खोलीत नाही. तिथंही सोबतच्या बाईला पुढं करून तिच्याकडून वदवायच्या. हा परका पुरुष विचारतोय आणि शेजारी सून बसली आहे. विसरल्यात की लाजल्यात?

मी म्हटलं, "आई, नाव घ्या ना."

आणि त्यांनी घेतलं. खाली बघत, एका दमात, चार ओळींचा उखाणा. त्यात एकवीरेच्या डोंगराच्या पायऱ्या होत्या, ओटीतला नारळ होता, आणि शेवटच्या ओळीत माझ्या सासऱ्यांचं नाव जिथं यायला हवं तिथं आलं. डॉक्टरांना हसू आवरेना. मग ते गंभीर होऊन म्हणाले, "हे उत्तर धरायचं कसं, तुम्हीच सांगा." त्यांनी कागदावर काय लिहिलं मी बघितलं नाही.

त्यांचा प्रश्न मात्र मला पुरला. ते नाव आईंना आठवलं होतं, की यमकानं ते आणून पोचवलं? नुसतं विचारलं असतं तर त्या सांगू शकल्या असत्या का, हे आता कळायचा मार्ग नाही. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं तर तो पटकन म्हणाला, "मग तिला सगळ्यांची नावं उखाण्यात बसवून द्यायला पायजे होती." पुढं तो बराच वेळ काही बोलला नाही.

ज्याच्या नावानं हा आजार ओळखला जातो त्या अलॉइस अल्झायमरनं असेच प्रश्न विचारले होते. १९०१च्या नोव्हेंबरात, फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात, एक्कावन्न वर्षांच्या ऑगस्टे डेटर नावाच्या बाईला. नाव काय? ऑगस्टे. आडनाव? ऑगस्टे. नवऱ्याचं नाव? बहुतेक ऑगस्टे. दुपारी ती फुलकोबी आणि डुकराचं मांस खात होती, काय खाताय म्हटल्यावर पालक म्हणाली. तिला नाव लिहायला सांगितलं तर 'श्रीमती' एवढं लिहून पुढचं ती विसरली. १९०६च्या एप्रिलमध्ये ती गेली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात अल्झायमरनं ट्युबिंगेनच्या सभेत तिच्या मेंदूत काय आढळलं ते सांगितलं. त्याच्या हस्ताक्षरातली तिची फाइल १९९५ साली पुन्हा हाती लागली, म्हणून हे सगळं आपल्याला कळतं. मी ते वाचताना डॉक्टरवर जरा रागावले होते. बाई जेवत होती ना, जेवू द्यायचं. पण त्यानं विचारून लिहून ठेवलं नसतं तर ऑगस्टे तरी कुणाला माहीत झाली असती? आणि तिचा तो नवरा, रेल्वेच्या कचेरीतला कारकून. त्याला कुणी कधी समोर बसवून विचारलं असेल का, तुमचं कसं चाललंय?

फ्रँकफुर्टपर्यंत जायला नको. आमच्याकडे दर रविवारी परीक्षा असते. कोनहून, काल्हेरहून, पिंपळासहून पाहुणे येतात. केळी आणतात, बिस्किटांचा पुडा आणतात, चपला काढतात आणि आईंच्या पुढ्यात बसकण मारून पहिलं वाक्य टाकतात: "ओळखलंस का मला? सांग बरं मी कोण?" एवढा प्रेमळ माणूस एवढा क्रूर प्रश्न इतक्या हौसेनं कसा विचारतो, हे मला अजून कळलेलं नाही. सबंध खोली गप्प होते. मी स्वयंपाकघरातून ऐकत असते, गॅस बारीक करून.

आई मात्र पक्क्या. "तुला नाय ओलखनार का गो?" म्हणतात, आणि लगेच, "कवा आयलीस? जेवून जा." उत्तर दिलेलंही नाही आणि दिलं नाही असंही नाही. पाहुणा खूश होतो, बाहेर पडताना माझा हात दाबून म्हणतो, "मला बरोबर ओळखलं हां." काही चिवट असतात. ते नाव वदवून घेतल्याशिवाय उठत नाहीत. आद्याक्षर सुचवतात, नातं सांगतात, हरले की जुना फोटो काढतात. आणि मग उठताना, "मागच्या खेपेला ओळखलं होतं." हे असं सांगतात की त्या दरम्यान मी काहीतरी हयगय केली असावी. त्यांना बोलायला जातं काय! पण त्यांचंही खरं आहे. आई म्हणजे या लोकांच्या लहानपणाची साक्षीदार. तिनंच ओळखलं नाही तर त्यांचं आंबे पाडणं, बांधावरून पडणं, मार खाणं खरं होतं हे कुणाला विचारायचं?

सगळ्यात अवघड जातं ते नवऱ्याला. आई त्याला दादा म्हणतात, म्हणजे लोनाडचा त्यांचा थोरला भाऊ, जो जाऊन जमाना झाला. कधी फार मायेनं म्हणतात, कधी माहेरच्या जमिनीवरून भांडतात. तो कामावरून येतो, आईजवळ खाटेवर टेकतो, 'आये' म्हणून हाक मारतो, आणि त्या चपापून त्याच्याकडे बघतात: एवढा बाप्या गडी आपल्याला आये का म्हणतो. मग तो उगाच टेम्पोचे कागद बघायला बाहेर जातो. मला असं होत नाही. मी या घरात आले तेव्हाही मला कुणी ओळखत नव्हतं.

'अस्तु' हा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा सिनेमा मी पाहिला तो आईंचं हे सगळं सुरू झाल्यावर. मोहन आगाशे त्यात संस्कृतचे पंडित आहेत, सगळं विसरत चाललेले, आणि रस्त्यात दिसलेल्या हत्तीच्या मागं ते चालू लागतात. त्यांची मुलगी शहरभर शोधत फिरते. इकडं माहुताची बायको चन्नम्मा त्यांना जेवू घालते, आंघोळ घालते, आणि ते तिला आई म्हणायला लागतात. अमृता सुभाषला या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. रडले मी, सगळ्यांसारखीच. पण मनात राहिलं ते वेगळंच. चन्नम्माला हे सोपं गेलं, कारण म्हाताऱ्यानं तिला ओळखावं अशी तिची अपेक्षाच नव्हती. तिचं त्याच्याकडे काही येणं नव्हतं. मुलीचं आयुष्यभराचं येणं होतं. सून या दोघींच्या मधे कुठंतरी पडते, आणि कोणत्या दिवशी कुणाकडे झुकेल हे तिचं तिलाही सांगता येत नाही.

कारण चन्नम्माला दुसऱ्या दिवशी हत्ती घेऊन पुढच्या गावी जाता येतं. इथं रोज सकाळी आंघोळीवरून भांडण असतं. अंगावर पाणी पडलं की आई किंचाळतात, मला चावायला धावतात. त्यांची सोन्याची गाठी मी चोरली असं वरच्या भाडेकरणीला सांगून झालं आहे; गाठी नंतर तांदळाच्या डब्यात सापडली, मग पुन्हा तिथंच ठेवली, कारण तेवढी जागा त्यांच्या लक्षात राहते. बाहेरच्या दाराला वर कडी बसवली आहे. दिवसा एक बाई येते, ती येत नाही तेव्हा माझी नोकरी बुडते. गोळी चालू आहे, तिनं आजार बरा होत नाही, लक्षणं तेवढी थोडी सौम्य होतात. चिडचिड होते. होतेच. हे सांगितलं की लोक म्हणतात, पुण्य लागतं हो. लागत असेल.

एक गोष्ट आईंच्या हातात दिली की घर तासभर शांत होतं, ती म्हणजे मोड आलेले वाल. भिजवून, फडक्यात बांधून मोड आणलेले वाल कोमट पाण्यात टाकून त्यांच्यापुढं ठेवायचे. अंगठा आणि तर्जनीत दाणा धरतात, मोडाच्या बाजूनं हलकेच दाबतात आणि आतली हिरवट-पांढरी डाळिंबी सुळकन ताटलीत उडते. साल बोटालाच राहतं, ते वाटीच्या कडेला पुसतात. नजर दुसरीकडेच असते, भिंतीवर नाहीतर दारात. माझी एक डाळिंबी निघेतो त्यांच्या मूठभर होतात, आणि एकही मोडत नाही. मी कधी शेजारी बसले तर माझा मोडलेला दाणा त्या उचलून बघतात, तोंडानं च्च करतात आणि बाजूला टाकतात. त्या वेळी मी पुन्हा घाटावरची होते, मला बरं वाटतं. सोलून झालं की ताटली लगेच उचलावी लागते. नाही उचलली तर त्या सालं आणि डाळिंब्या एकत्र करून पाण्यात ढकलतात आणि पुन्हा पहिल्यापासून सोलायला घेतात. एकदा मी ते तसंच चालू दिलं. त्यांना काही घाई नव्हती, आणि त्या दिवशी मलाही नव्हती. बिरडं रात्री उशिरा झालं.

आईंबद्दल एक सांगायचं राहिलं. त्या धवलारीण होत्या. आगरी-कोळ्यांच्या लग्नात भटजीइतकाच, काही घरांत त्याच्याहून अधिक, मान धवलारणीचा असायचा. मांडवापासून हळदीपर्यंत आणि हळदीपासून नवरी सासरी निघेपर्यंत प्रत्येक विधीचा धवला वेगळा. कोणता देव आधी बोलवायचा, हळद कुणी दळायची, कलवरीनं कुठं उभं राहायचं, सगळं त्या गाण्यात. ती म्हणेल त्या क्रमानं लग्न पुढं सरकायचं. आई हे लोनाडला त्यांच्या आत्याकडून शिकल्या, शेतात लावणी करताना ऐकून. कुठं एक ओळ लिहिलेली नाही. लिहिणाऱ्या माणसाचं अर्धं डोकं वहीत असतं, वही हरवली तरी चालते, डोकं फिरलं तरी वही राहते. यांचं सगळंच एका ठिकाणी. सबंध पंचक्रोशीची लग्नं त्यांच्या एकटीच्या डोक्यात.

आता हळदीला डीजे असतो. आगऱ्यांची हळद म्हणजे काय हे ज्यानं ऐकलंय त्याला सांगायला नको आणि ज्यानं ऐकलेलं नाही त्याला सांगून उपयोग नाही; खिडक्यांच्या काचा थरथरतात. गल्लीतल्या एका हळदीला मी आईंना घेऊन गेले ती नाइलाजानं, घरी कुणी नव्हतं म्हणून. खुर्चीत बसल्या, कानावर हात. दहा वाजता डीजे बंद झाला, पोरं पांगली, उरलेल्या म्हाताऱ्या बायका सतरंजीवर सरकून जवळ आल्या. आणि कुणी काही न सांगता आईंनी सुरुवात केली. आवाज बारीक, पण ठाम. एकामागून एक देव मांडवात यायला लागले, गावदेवी आली, एकवीरा आली. जेवण झालं का नाही हे ज्यांना पंधरा मिनिटांनी आठवत नाही, त्या अडखळल्या नाहीत. एका हौशी काकूंनी मधेच थांबवलं: "ते मघाचं परत म्हणा ना, मोबाइलवर घेते." आई थांबल्या. इकडं-तिकडं बघितलं, आपण कुठं आहोत तेच कळेना. मला उठून त्यांना घरी न्यावं लागणार असं वाटलं. तेवढ्यात त्यांनी अगदी पहिल्या देवापासून पुन्हा धरलं. मधून त्यांना उचलता येत नाही; वाट सुरुवातीपासूनच चालावी लागते.

नवरा-नवरीची नावं घालायची जागा आली तेव्हा आईंनी नावं घातली, पण या लग्नातली नाही. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणीतरी हळूच दुरुस्त करायला तोंड उघडलं, तेव्हा नवऱ्यामुलाची आजी, इतका वेळ भिंतीला टेकून पेंगत होती ती, सरळ होऊन बसली. "थांबा गो," ती म्हणाली, "हा माझा लगीन हाय." तिच्या लग्नात आईंनी पहिल्यांदा धवले म्हटले होते. आजी पुढं सरकली, आईंच्या गुडघ्याशी येऊन बसली आणि आपल्या स्वतःच्या हळदीची गाणी तिनं शेवटपर्यंत ऐकली. त्यांनी तिला ओळखलं की नाही, हे तिनं विचारलं नाही.

परवा कोनहून नवऱ्याची मावसबहीण आली होती. तिच्या मुलीचं लग्न ठरलंय, तुळशीचं लग्न झाल्यावरची तारीख. "मावशीला आणशील ना? एवढं म्हनतील?" मी म्हटलं, आणीन, पण डीजे आधी बंद करा, मधे कुणी थांबवायचं नाही, आणि सांग बरं मी कोण हे एकानंही विचारायचं नाही.

"आणि मधेच राहिल्या तर?"

"तर पहिल्यापासून."

"अगो, मुहूर्त हाय ना."

"मुहूर्ताचं भटजी बघतील."

ती जरा विचारात पडली. "आणि नावं? पोरीचं नाव तरी बरोबर येईल ना?" मी म्हटलं, ते कुणाचं येईल ते सांगता येत नाही, तुझंही येईल. ती हसली, मग गप्प झाली, मग पिशवीतून पत्रिका काढून तिनं आईंच्या हातात दिली. आईंनी ती उलटी धरली (त्यांना वाचता कधीच येत नव्हतं, तेव्हा यात आजाराचं काही नाही), गणपतीच्या चित्रावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हलद कवा हाय?"